आईच्या जागी लेक उभी राहते तेव्हा

मागच्या वेळी मी गटाच्या ऑडिटबद्दल बोलले होते. आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओचा कान पिळतील, पण जरा थांबा. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिताना एक नियम पाळावा लागतो, तो पाळला नाही तर आपल्या गटाच्या हिशेबात काय गोंधळ होतो, ते आज सांगणार आहे. मी स्वतः बी.ए., तेही इतिहासात. मला हे एका मुलीने शिकवलं. ती आमच्याच गटातल्या एकीची लेक, बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने मला जसं सांगितलं तसंच सांगते.

आमच्याकडच्या अकरा गटांनी वर्गणी काढून मोबाईलवर हिशेबाचं अ‍ॅप करून घेतलं. करून देणारा मुलगा नुकताच शिकून बाहेर पडलेला, कष्टाळू, फोन केला की उचलणारा. त्याची बदनामी करायला मी इथे बसलेली नाही. उलट त्या चुकीत माझाही वाटा आहे, तोही सांगते.

आपल्याकडे कर्ज दोन तऱ्हेचं असतं, तुम्हाला माहीत आहे. एक गटाच्या स्वतःच्या बचतीतून दिलेलं, अंतर्गत कर्ज. त्यात बाई म्हणते, ताई या महिन्यात दोनशेच आहेत, तर आपण दोनशे घेतो आणि लिहून ठेवतो. दुसरं बँकेच्या पैशातून दिलेलं. तिथे गटाला बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला भरावा लागतो, म्हणून आमच्या गटाचा ठराव असा, की बँकेच्या पैशाचा हप्ता पूर्णच घ्यायचा. अ‍ॅप लिहिताना त्या मुलाने मला विचारलं, "मॅडम, बँकवाल्या कर्जात हप्त्यापेक्षा कमी रक्कम आली तर घ्यायची का?" मी म्हटलं, "नाही." एवढंच. त्यानेही पुढे विचारलं नाही आणि मीही पुढे सांगितलं नाही, की नाही घ्यायची तर मग कुणाला कसं कळवायचं.

आता झालं काय, तर आमच्या एका मावशींचा हप्ता होता 1,200 रुपयांचा. पावसाने कांदा गेला. त्यांनी 700 आणले आणि म्हणाल्या, उरलेले पुढे देते. ठराव काहीही असो, समोर बसलेल्या बाईच्या हातातले पैसे कोण परत करतं? खजिनदार ताईंनी ते घेतले, अ‍ॅपमध्ये 700 टाकले, हिरवी खूण आली, ‘जमा झाले’. कागदी पासबुकावरही सही केली. पुढच्या महिन्यात पुन्हा 700, पुन्हा हिरवी खूण.

तिसऱ्या महिन्यात मावशींनी शेळीसाठी नवं कर्ज मागितलं. अ‍ॅपवर थकबाकीची यादी काढली, तर त्यांच्या नावापुढे दोन पूर्ण हप्ते, 2,400 रुपये थकीत. भरलेल्या 1,400 चा पत्ताच नाही. बैठकीत कुजबुज सुरू झाली. मावशींनी पिशवीतून पासबुक काढलं आणि सह्या दाखवल्या. मग सगळ्यांच्या नजरा वळल्या खजिनदार ताईंकडे. पैसे घेतले, सही केली, मग गेले कुठे? त्या बाईचा चेहरा मी विसरणार नाही. पेटीतली रोकड मोजली, ती पैशाला पैसा बरोबर. अ‍ॅपमधली रोकडही तेवढीच. रोकड जुळते, पण कर्ज उतरत नाही, हे कोडं त्या संध्याकाळी कुणाला सुटलं नाही. ताई रात्रभर झोपल्या नाहीत, असं त्यांच्या सुनेने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

आता त्या अ‍ॅपच्या पोटात काय होतं ते बघू.

प्रोग्रॅम लिहिणारे आधी नमुना बनवतात, त्याला क्लास म्हणतात. कोरं पासबुक छापावं तसा. रकाने ठरलेले, जसे नाव, मंजूर रक्कम, बाकी. आणि त्या पासबुकाला कोणती कामं सांगता येतील तीही ठरलेली, जसं ‘जमा कर’, ‘बाकी सांग’. या कामांना मेथड म्हणतात. त्या नमुन्यावरून प्रत्येकीच्या नावाचं जे भरलेलं पासबुक तयार होतं, ते ऑब्जेक्ट.

त्या मुलाने पहिला नमुना लिहिला ‘कर्ज’. त्यात ‘जमा कर’चं काम असं, की एक रुपयापासून बाकीच्या रकमेपर्यंत काहीही द्या, तेवढ्याने बाकी कमी होईल. मग बँकेच्या पैशाचं कर्ज आलं. त्यासाठी सगळं पहिल्यापासून लिहायचं कशाला? त्याने सांगितलं, ‘बँक-कर्ज’ ही ‘कर्ज’ची लेक. पुस्तकात याला पॅरेंट क्लास आणि सबक्लास म्हणतात, मी आपलं आई आणि लेक म्हणते. आईकडचं सगळं लेकीला वारशाने मिळतं. लेकीत फक्त वेगळं तेवढं लिहायचं. त्याने ‘जमा कर’ हे काम लेकीत नव्याने लिहिलं. रक्कम 1,200 पेक्षा कमी असेल तर काहीही न करता मागे फिर. नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही. गुपचूप मागे फिर.

आणि बैठकीचं पान? ते आधीच लिहून झालं होतं, आईला डोळ्यांपुढे ठेवून. ते पान एकेक कर्ज हातात घेतं, रक्कम रोकडीत मिळवतं, कर्जाला म्हणतं ‘जमा कर’, आणि हिरवी खूण दाखवतं. समोर आई आहे की लेक, ते त्याला माहीत नाही. माहीत असायची गरजही नाही, कारण या पद्धतीने प्रोग्रॅम लिहिण्यातला मोठा फायदा तोच आहे. आई जिथे चालते तिथे कुठलीही लेक उभी करा, पानाला हात लावायला नको. पण म्हणूनच लेकीने आईचा शब्द पाळावा लागतो. पानाने आईच्या शब्दावर विश्वास ठेवून 700 रोकडीत धरले. लेकीने ते कर्जातून वजा केलेच नाहीत.

या नियमाला एका बाईचं नाव आहे, आणि ते तुम्हाला सांगताना मला बरं वाटतं. बार्बरा लिस्कोव्ह. जन्म 1939, अमेरिकेत. गणित शिकल्या, 1961 मध्ये पदवी घेतली आणि प्रोग्रॅमरची नोकरी धरली. तेव्हा कॉम्प्युटरबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, काम करता करता शिकल्या. 1968 मध्ये स्टॅनफर्डमधून डॉक्टरेट घेतली. कॉम्प्युटर सायन्समध्ये डॉक्टरेट मिळवणाऱ्या तिथल्या अगदी पहिल्या बायकांपैकी त्या एक. पुढे एमआयटी या नावाजलेल्या संस्थेत प्राध्यापक झाल्या आणि 1970 च्या दशकात तिथे सीएलयू नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली. 1987 मध्ये ऑरलँडोला एक मोठी परिषद भरली होती, तिथल्या भाषणात त्यांनी ही गोष्ट मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर, आईला धरून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आईच्या जागी लेक ठेवली आणि प्रोग्रॅमच्या वागण्यात फरक पडला नाही, तरच तिला लेक म्हणा. लोक याला लिस्कोव्ह सबस्टिट्यूशन प्रिन्सिपल म्हणतात. हे नाव त्यांनी स्वतः दिलेलं नाही, मागाहून पडलं.

त्यांनी दिलेलं एक उदाहरण आपल्याला अगदी जवळचं आहे. लग्नात जेवणाच्या ताटांची चळत असते ना? शेवटी ठेवलेलं ताट पहिलं उचललं जातं. आणि रेशनच्या दुकानापुढची रांग? जी आधी आली ती आधी सुटते. ताटं आणि रेशन माझं, उदाहरण त्यांचं. प्रोग्रॅममध्ये दोन्हींना ‘घाल’ आणि ‘काढ’ अशी एकाच नावाची दोन कामं असू शकतात. नावं सारखी, कॉम्प्युटरही तक्रार करणार नाही. पण रांगेच्या जागी चळत ठेवली तर पहाटे पाचपासून उभी असलेली बाई संध्याकाळपर्यंत तिथेच राहील. नाव जुळलं म्हणून नातं जुळत नाही, वागणं जुळावं लागतं.

2008 सालचं ट्युरिंग अवॉर्ड लिस्कोव्हबाईंना मिळालं. कॉम्प्युटरच्या क्षेत्रात याहून मोठा मान नाही, आणि तो मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या बाई. त्या स्वतः एक किस्सा सांगतात. अवॉर्ड जाहीर झाल्यावर कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं, की यांना कशाबद्दल दिलं, हे तर सगळ्यांना माहीतच आहे! त्यांच्या नवऱ्याच्या ते वाचनात आलं. मला हे ऐकून आमची सासू आठवली. तिने घडी बसवलेल्या घरात सगळ्यांना वाटायचं, घर आपोआपच चालतं.

असो. तर ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. तोवर अ‍ॅपवाल्या मुलाने एक ठिगळ लावून दिलं होतं. बैठकीच्या पानात त्याने लिहिलं, की समोरचं कर्ज बँक-कर्ज असेल आणि रक्कम कमी असेल तर लाल खूण दाखव. बैठकीत ते चाललं. पण अ‍ॅपमध्ये आणखी एक पान आहे, बैठकीच्या अधेमधे कुणी घरी येऊन पैसे दिले तर खजिनदार ताई ते तिथे टाकतात. ते पान तो विसरला. तिथे दुसऱ्या एका बाईचे 300 रुपये पुन्हा तसेच गेले. यावेळी आम्ही सावध होतो, त्याच आठवड्यात सापडले.

ती मुलगी म्हणाली, "काकू, पानापानावर ‘ही कोणती लेक आहे’ असं विचारावं लागलं, की समजायचं लेक आईच्या जागी बसत नाही. उद्या तिसऱ्या तऱ्हेचं कर्ज आलं की पुन्हा सगळी पानं शोधत बसा."

मी तिला म्हटलं, पण बँकेचं कर्ज हे कर्जच आहे ना? मग ते कर्जाची लेक का नाही? तिने खडू घेतला आणि फरशीवर एक लांबट वाफा काढला. "हा आयताकृती वाफा. लांबी पाच, रुंदी पाच असली तरी चालेल, पण दोन्ही वेगवेगळ्या बदलता येतात. मी प्रोग्रॅम लिहिला, की रुंदी पाचच ठेव, लांबी दहा कर. क्षेत्रफळ किती?" मी म्हटलं, पन्नास. "आता शाळेत शिकवतात की प्रत्येक चौरस हा आयतच असतो. म्हणून मी चौरस वाफा ही आयताची लेक केली. चौरसाला सगळ्या बाजू सारख्या ठेवायच्या आहेत. मी म्हटलं लांबी दहा कर, त्याने रुंदीही दहा केली. क्षेत्रफळ शंभर. म्हणजे लांबी वाढवायला सांगितली आणि शेजारच्याचा बांध खाल्ला."

मैत्रिणींनो, बांधाचं उदाहरण दिल्यावर आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही.

पण तिने पुढे जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. ती म्हणाली, गणितातलं खोटं नाही. वाफा एकदा आखल्यावर बाजू बदलायच्याच नाहीत असा आईचा नियम असता, तर चौरस ही तिची चांगली लेक झाली असती, कारण नुसतं क्षेत्रफळ विचारलं तर दोघीही खरं सांगतात. अडचण बदलण्यातून येते. म्हणून ‘अमुक हे तमुकच आहे ना’ असा प्रश्न विचारायचा नाही. आईने काय काय कबूल केलंय आणि लेक ते सगळं करते का, असं विचारायचं.

मग आम्ही दोघींनी वही घेऊन आईचं कबूल केलेलं लिहून काढलं. पहिली बाब मागणीची. आई जेवढं मागते त्यापेक्षा लेकीने जास्त मागायचं नाही. आई एका रुपयावर राजी आणि लेक 1,200 शिवाय हात लावत नाही, हीच आमची मूळ चूक. कमी मागितलं तर चालतं. समजा एखादी लेक बाकीपेक्षा जास्त पैसेही घेते आणि वरचे आगाऊ म्हणून नीट धरून ठेवते, तर पानाचं काही बिघडत नाही. दुसरी बाब देण्याची. आई म्हणते जमा केल्यावर बाकी तेवढ्याने उतरेल, तर लेकीकडेही ती तेवढ्यानेच उतरली पाहिजे. तिसरी, जे आईकडे कधीच होत नाही ते लेकीकडेही व्हायचं नाही, जसं की बाकी शून्याच्या खाली जाणं.

आणखी एक बारीक बाब आहे. लिस्कोव्हबाईंनी 1994 मध्ये जेनेट विंग या दुसऱ्या विदुषीबरोबर एक निबंध लिहिला, त्यात ती नीट मांडली आहे. आईकडे एखादी गोष्ट एकदा ठरल्यावर बदलत नसेल, तर लेकीने नवं काम शोधून मागच्या दाराने ती बदलायची नाही. आमच्याकडे कर्जाची मंजूर रक्कम ही तशी गोष्ट आहे. ठरावात लिहिली की लिहिली. त्या वेळी मला ही बाब फार पुस्तकी वाटली होती.

दुरुस्ती करायला त्या मुलाला आणि मुलीला समोरासमोर बसवलं. मी चहा केला आणि ऐकत बसले. तो आधी जरा फुगला, मग खुलला. दोन वाटा निघाल्या. एक, बँक-कर्जाला कर्जाची लेक म्हणायचंच नाही, दोन्ही वेगळी ठेवायची. पण मग थकबाकीची यादी, वर्षअखेरचा गोषवारा, सगळं दोनदा लिहा. दुसरी वाट, आईचा शब्दच नीट मांडायचा. आम्ही ती धरली. आता आईला एक नवं काम दिलंय, ‘किमान सांग’. आणि आईचा शब्द असा झाला, की किमान रक्कम किंवा जास्त, बाकीपर्यंत, काहीही द्या, मी घेईन. त्यात न बसणारी रक्कम आली तर मी स्पष्ट नाही म्हणेन, गप्प बसणार नाही. अंतर्गत कर्ज किमान सांगतं एक रुपया, बँक-कर्ज सांगतं 1,200, आणि शेवटचा हप्ता उरला असेल तर उरेल तेवढं. कोणतंही पान आधी किमान विचारतं. समोर कोण आहे हे पुन्हा विचारावं लागत नाही. दोघींचा शब्द एकच, आकडा ज्याचा त्याचा.

आणि रोकड? आता कर्जाने हो म्हटल्यावरच रोकडीत धरली जाते. हे खरं तर आधीच सुचायला हवं होतं.

त्या मुलीने आणखी एक काम केलं. आईच्या शब्दाची परीक्षा लिहिली. म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, जो कर्जाला निरनिराळ्या रकमा देऊन बघतो. किमान दिली तर बाकी नेमकी उतरते का, कमी दिली तर नाही म्हणतं का, जास्त दिली तर बाकी उणे होते का, मंजूर रक्कम हलते का. गंमत अशी की परीक्षा एकच, आणि प्रत्येक लेकीला तीच द्यावी लागते. नवीन लेक आली की आधी परीक्षेला बसवा, मग घरात घ्या. तुम्ही गटासाठी असं अ‍ॅप करून घेत असाल, तर करणाऱ्याला हे नक्की विचारा, की आईची परीक्षा प्रत्येक लेकीवर चालवून दाखवतोस का? तो चमकेल, पण त्याला कळेल. आणि ‘नाही घ्यायचं’ असं सांगून थांबू नका, नाही म्हणताना खजिनदार बाईला काय दिसलं पाहिजे तेही सांगा. माझ्यासारखं करू नका.

ठरावाचंही सांगते. पूर्ण हप्त्याचा नियम आम्ही काढला नाही. बँक आपल्यासाठी थांबत नाही. पण कमी रक्कम आली तर अ‍ॅप आधीच लाल होतं, आणि ते पैसे अनामत म्हणून कागदी वहीत सहीनिशी ठेवायचे, हप्ता पुरा झाला की एकदम टाकायचे, असं बैठकीत ठरलं. ही अनामत अ‍ॅपमध्येच हवी, असं त्या मुलाचं म्हणणं आहे. मला वाटतं थोडे दिवस कागदावर असू दे. मावशींना कागदानेच वाचवलं होतं.

मावशींचे 1,400 त्याच महिन्यात दुरुस्त झाले, शेळीचं कर्जही मंजूर झालं. खजिनदार ताईंची माफी मागायला मात्र आम्हाला दोन बैठका लागल्या. पहिल्या बैठकीत कुणी विषयच काढेना. दुसरीत मी उभी राहिले आणि अ‍ॅपवाल्या मुलाला मी दिलेलं एका शब्दाचं उत्तर सगळ्यांना सांगितलं. ताई काही बोलल्या नाहीत, पण किल्ली त्यांनी ठेवून घेतली, परत केली नाही.

गेल्या महिन्यात तिसरी लेक आली, आजारपणाचं बिनव्याजी कर्ज. त्या मुलाने लिहून आणलं, आम्ही परीक्षेला बसवलं. चार प्रश्नांपैकी शेवटच्यात नापास. दवाखान्याचं दुसरं बिल आलं तर मंजूर रक्कम तिथल्या तिथे वाढवता यावी, अशी सोय त्याने केली होती. हेतू चांगला होता. पण ठरावाच्या वहीत 5,000 आणि अ‍ॅपमध्ये 8,000 असं दिसलं असतं, आणि ऑडिटला पुन्हा कुणाच्या तरी तोंडाकडे सगळ्यांनी बघितलं असतं. मला पुस्तकी वाटलेली ती बाब नेमकी इथे उभी राहिली. आता दुसऱ्या बिलाला दुसरा ठराव आणि दुसरं पासबुक, असं तो बदलून आणतो आहे. तोवर आजारपणाची कर्जं आम्ही वहीत लिहितोय.